लाईट गेली तरी सेशन राहावं म्हणून: मेनफ्रेमच्या सेशन मॅनेजरवरचे पहिले दिवस

पुण्याहून उदगीरला परत आले तो पहिलाच पावसाळा. रात्री दोनची शिफ्ट, मेनफ्रेमवर (कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या कामाच्या सिस्टिमवर, एक जॉब पडलेला, आणि मी त्याच्या जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळींमध्ये) दुरुस्ती करत होते. लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर इन्व्हर्टरच्या लाईनवर नव्हता. दहा मिनिटांनी लाईट आली, व्हीपीएन जोडलं, पुन्हा लॉगऑन करायला गेले तर स्क्रीनवर ओळ आली: आयकेजे५६४२५आय, लॉगऑन रिजेक्टेड, युजरआयडी इन यूज. म्हणजे माझाच आयडी मीच वापरत आहे, असं सिस्टिम मलाच ऐकवत होती. ज्या मेंबरमध्ये (फाईलमध्ये) मी होते तोही माझ्याच नावानं अडकलेला, त्यामुळे सहकाऱ्यालाही उघडेना. फोन करून ऑपरेटरकडून ते जुनं सेशन कॅन्सल करून घेईपर्यंत पाऊण तास गेला.

नंतर कळलं की त्या ठिकाणी सेशन मॅनेजर होता, म्हणजे आपल्या आणि मेनफ्रेमच्या मध्ये बसून आपली चालू सेशनं धरून ठेवणारा प्रोग्रॅम. मला ज्यानं काम शिकवलं त्यानं "तो मेनू कशाला, सरळ टीएसओ टाईप कर" असा शॉर्टकट दिला होता (टीएसओ म्हणजे मेनफ्रेमवर लॉगऑन करून काम करायची जागा) आणि मी तो वर्षभर इमानदारीनं पाळला. पुण्यात लाईन तुटत नव्हती म्हणून भागलं. आपल्याकडे नाही भागत. लातूर, नांदेड, परभणी, बीड भागातून घरी बसून मेनफ्रेम सपोर्ट करणारे आता पुष्कळ आहेत. त्यातल्या नवीन पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. कोबोल किंवा जेसीएल येतं हे धरून चालले आहे.

१. आधी एवढं हातात घ्या

पहिल्या दिवशी मॅनेजरकडून किंवा टीममधल्या जुन्या माणसाकडून या गोष्टी लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेल्या पोर्ट नंबरवर विश्वास ठेवू नका.

- व्हीपीएनचं लॉगिन आणि टोकन
- होस्टचा पत्ता आणि पोर्ट. साधं टेलनेट २३ वर असतं, टीएलएसवालं (सुरक्षित जोडणीचं) बहुधा ९९२ वर, पण प्रत्येक जागेचं वेगळं असू शकतं.
- एलयूचं (नेटवर्कवर टर्मिनलची जी ओळख असते तिचं) नाव टाकायचं की रिकामं सोडायचं
- रॅकएफ, एसीएफ२ किंवा टॉप सिक्रेट, जे सुरक्षा सॉफ्टवेअर असेल त्यातला युजरआयडी आणि पहिला पासवर्ड
- सेशन मॅनेजर कुठला आहे आणि पहिल्या स्क्रीनवर काय टाईप केलं की तो उघडतो
- कुठल्या कुठल्या सिस्टिमवर तुम्हाला परवानगी मिळाली आहे त्याची यादी
- एम्युलेटर (लॅपटॉपवर मेनफ्रेमचा टर्मिनल दाखवणारं) सॉफ्टवेअर आणि ते कंपनीच्या लॅपटॉपवर टाकायची मंजुरी

आयडीचा फॉर्म भरताना टेस्ट आणि प्रॉडक्शन वेगवेगळं मागावं लागतं. एकाच फॉर्मवर सगळं मिळेल अशा समजुतीत राहिलात तर पहिला आठवडा मंजुरीची वाट बघण्यातच जातो. सेशन मॅनेजरच्या मेनूवर एखादं नाव दिसलं म्हणजे त्या सिस्टिमवर आयडी आहेच असंही नसतं. मेनू एकाच्या ताब्यात असतो, आयडी दुसऱ्याच्या.

२. 'सेशन' म्हणजे नक्की कुठलं, ते आधी ठरवा

नवीन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण हा एकच शब्द तीन जागी वापरतात.

पहिलं सेशन तुमच्या लॅपटॉपवरच्या एम्युलेटरची खिडकी. तिला ए, बी, सी अशी अक्षरं असतात. दुसरं सेशन म्हणजे सेशन मॅनेजरच्या मेनूवरची एकेक ओळ: एक टीएसओचं, एक सीआयसीएसचं, एक आयएमएसचं (या मेनफ्रेमवरच्याच वेगवेगळ्या सिस्टिम). तिसरं टीएसओच्या आत, आयएसपीएफमध्ये (टीएसओवरच्या मेनू आणि एडिटरमध्ये) स्प्लिट करून उघडलेला वेगळा स्क्रीन. कोणी फोनवर "दुसऱ्या सेशनला जा" म्हणालं की आधी विचारा, यातलं कुठलं.

लातूरच्या मोंढ्यात माझे काका अडतीवर मुनीम होते. त्यांना माझं काम समजावताना मलाच ते नीट समजलं. शेतकरी माल घेऊन येतो तो अडत्याकडे. पुढे खरेदीदार चार असोत की दहा, त्यांच्याशी बोलणं अडत्या करतो. शेतकरी चहाला गेला म्हणून सौदा मोडत नाही. माल अडतीवर पडून राहतो, परत आला की तिथूनच पुढे. सेशन मॅनेजर हा तो अडत्या. तुमचा टर्मिनल फक्त त्याच्याशी जोडलेला असतो. पुढे टीएसओ, सीआयसीएस यांच्याशी तो स्वतःकडचे आभासी टर्मिनल वापरून तुमच्या नावानं बोलतो. तुमची लाईन तुटली तर तुमचा आणि त्याचा दुवा तुटतो, पुढचे दुवे तसेच राहतात.

थोडा इतिहास सांगते, म्हणजे हे असं का ते कळेल. आयबीएमचे ३२७० टर्मिनल, म्हणजे मेनफ्रेमला जोडायचे स्क्रीन आणि कीबोर्ड, १९७१ मध्ये आले. तेव्हा एका टर्मिनलवरून एका वेळी एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये काम करता यायचं. सीआयसीएसमध्ये काहीतरी बघायचं तर टीएसओतून लॉगऑफ करा, तिकडे जा, बघा, परत या. ज्यांना परवडे त्यांच्या टेबलावर दोन दोन टर्मिनल असत. ही कटकट घालवायला सेशन मॅनेजर निघाले. आज तुम्हाला बहुतेक टीपीएक्स भेटेल, जो आता ब्रॉडकॉमकडे आहे. नाहीतर सीएल/सुपरसेशन, जो कँडल कंपनीचा होता आणि २००४ मध्ये आयबीएमनं कँडल विकत घेतल्यावर तिकडे गेला. मॅक्रो ४ चा ट्यूब्सही काही ठिकाणी आहे. नावं वेगळी, वागणं बरंचसं सारखं.

३. एम्युलेटर लावा, आणि कीबोर्ड आधी तपासा

आयबीएमचं पर्सनल कम्युनिकेशन्स, रॉकेटचं ब्लूझोन, व्हिस्टा, किंवा फुकटातलं एक्स३२७० आणि त्याचं विंडोजवरचं भावंड: कंपनी देईल ते घ्या. पत्ता, पोर्ट आणि टीएलएस चालू, एवढ्यावर जोडणी होते. अडतं ते पुढच्या बारीक गोष्टींवर.

एंटर. पर्सनल कम्युनिकेशन्समध्ये मुळात उजवा कंट्रोल म्हणजे मेनफ्रेमचा एंटर, आणि नेहमीचा एंटर दाबला तर कर्सर फक्त खालच्या ओळीवर जातो. बऱ्याच छोट्या लॅपटॉपला उजवा कंट्रोलच नसतो. माझ्या एका भाच्यानं दोन तास "सिस्टिम हँग आहे" म्हणून काढले ते यामुळेच. कीबोर्ड मॅपिंगमध्ये जाऊन नेहमीच्या एंटरला एंटर करून टाका. रिसेट (अडलेला कीबोर्ड मोकळा करणारी की) कुठल्या बटणावर आहे तेही तिथेच बघून ठेवा.

एफ की. लॅपटॉपवर एफ३ दाबलं आणि आवाज कमी झाला, असं होत असेल तर एफएन लॉक लावा. मेनफ्रेमवर एफ की ना पीएफ म्हणतात; पीएफ१३ ते पीएफ२४ या शिफ्ट धरून एफ१ ते एफ१२ वर येतात. पीए१, पीए२, क्लिअर आणि अटेन्शन कुठे आहेत ते कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. मी अजून चिकटवते.

स्क्रीनचं मॉडेल. मॉडेल २ म्हणजे २४ ओळी आणि ८० रकाने, मॉडेल ३ ला ३२ ओळी, मॉडेल ४ ला ४३, आणि मॉडेल ५ म्हणजे २७ ओळी पण १३२ रकाने. जॉबचं आउटपुट वाचायला मॉडेल ५ सोयीचं. पण सेशन मॅनेजरनं पुढे जो आभासी टर्मिनल वापरला तो मॉडेल २ चा असेल, तर तुमच्या मोठ्या स्क्रीनच्या कोपऱ्यातच २४ ओळी येतील. एम्युलेटरशी झटापट करू नका, ते सेशन मॅनेजरच्या बाजूनं दुरुस्त होतं. तिकीट टाका, म्हणजे हेल्पडेस्ककडे तक्रार नोंदवा.

कोड पेज, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याची यादी. चौकटी कंस टाईप केले आणि भलतंच चिन्ह उमटलं, तर एम्युलेटर ०३७ वर आणि समोरचा प्रोग्रॅम १०४७ वर असण्याची शक्यता मोठी. बदलून बघा.

४. पहिला स्क्रीन आणि खालची ओळ

जोडलं की कंपनीचं नाव, इशारा, आणि एक रिकामी जागा असलेला स्क्रीन येतो. अजून तुम्ही कुठेच लॉगऑन झालेला नाही. हा व्हीटॅम नावाच्या नेटवर्क सॉफ्टवेअरचा दरवाजा आहे. इथे सेशन मॅनेजरचं नाव टाईप करायचं. काही ठिकाणी लॉगऑन अ‍ॅपलआयडी असं लिहून कंसात नाव द्यावं लागतं, काही ठिकाणी दोन अक्षरं पुरतात. टीएसओ टाईप केलंत तरी आत जाल, पण अडत्याला वगळून. उदगीरच्या रात्री मी तेच केलं होतं.

या वेळेपासून स्क्रीनच्या तळाच्या ओळीकडे बघायची सवय लावा. तिथे एक्स आणि घड्याळाचं चिन्ह असेल तर होस्ट काम करतो आहे, थांबा. एक्स सिस्टिम दिसलं तर सिस्टिमनं कीबोर्ड अडवला आहे, थोडं थांबून रिसेट. एक्सपुढे छोटा माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाण असतील तर टाईप करायला मनाई असलेल्या जागी तुम्ही टाईप केलं आहे. तो बिचारा "इथे नको, तिकडे जा" एवढंच सांगतो. रिसेट दाबा, टॅबनं योग्य जागी जा. माणसापुढे 'पेक्षा मोठे'चं चिन्ह दिसलं तर त्या जागेत मावतं त्यापेक्षा जास्त भरताय.

पासवर्ड जपून. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा त्या जागेचा सुरक्षा विभाग ठरवतो, ती ओलांडली की आयडी रिव्होक (बंद) होतो आणि अमेरिकेतलं ऑफिस उघडेपर्यंत हातावर हात. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा टाकण्याआधी उठून पाणी प्या.

५. मेनू, आणि परत मेनूवर येण्याची किल्ली

सेशन मॅनेजरमध्ये आलात की यादी दिसते: सेशनचं नाव, वर्णन, आणि ते चालू आहे की नाही. कर्सर ओळीवर नेऊन किंवा समोर अक्षर टाकून एंटर. पासवर्ड पुन्हा विचारला नाही तर घाबरू नका. बऱ्याच ठिकाणी सेशन मॅनेजर तुमच्यासाठी पासटिकट (तात्पुरता पासवर्ड) तयार करून पुढे देतो, आणि त्याचा उपयोग फक्त दहाएक मिनिटांपुरता असतो.

टीएसओत गेलात, आता सीआयसीएस बघायचं आहे. लॉगऑफ करू नका. मेनूवर यायची एक की असते, आणि मेनूला न येता थेट पुढच्या सेशनवर उडी मारायची दुसरी. कुठल्या, ते बहुधा मेनूच्याच वरच्या किंवा खालच्या ओळीत लिहिलेलं असतं, कारण ते प्रत्येक जागी वेगळं ठेवतात. वाचा आणि त्या कागदावर लिहा.

आता खोच बघा. ही की सेशन मॅनेजर स्वतः खाऊन टाकतो, पुढच्या अ‍ॅप्लिकेशनला ती पोचतच नाही. समजा मेनूची की पीएफ१२ आहे, तर आयएसपीएफमध्ये पीएफ१२ दाबून जुनी कमांड परत आणायची सोय गेली. पीएफ९ वर उडी ठेवली असेल तर आयएसपीएफचा स्वॅप गेला. आयएसपीएफमध्ये पीएफ२ नं स्प्लिट आणि पीएफ९ नं स्वॅप हे रोजचं आहे, त्यामुळे माझं मत: सेशन मॅनेजरच्या की प्रोफाइलमध्ये जाऊन पीएफ१३ च्या पुढे न्या, बदलायची मुभा असेल तर. नसेल तर आयएसपीएफमध्ये कमांड लाईनवर स्वॅप असं लिहिलं तरी चालतं.

मेनूवर आणखी एक फरक सांगून ठेवते. काही ओळी अशा असतात की निवडल्यावर सेशन मॅनेजर मध्ये न थांबता तुमचा टर्मिनलच त्या अ‍ॅप्लिकेशनच्या हवाली करतो. याला पास म्हणतात. अडत्यानं शेतकऱ्याला खरेदीदाराच्या दुकानात सोडून दिलं आणि आपण निघून गेला, तसं. तिथे मेनूची की चालत नाही, आणि लाईन तुटली तर मागे कोणी सांभाळायला नसतं. मेनूची की दाबून काहीच होत नाही असं दिसलं तर ते सेशन पासवालं आहे का, विचारून घ्या.

६. लाईन तुटली

इथे जरा सावकाश वाचा.

वीज गेली, राउटर बंद पडला, ब्रॉडबँडवरून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर गेलात, व्हीपीएननं मान टाकली: सगळ्याचा परिणाम एकच, टर्मिनलची जोडणी संपली. पण राउटर अचानक मेला की पलीकडच्या सर्व्हरला कोणी "मी चाललो" असं सांगितलेलं नसतं. त्याच्या लेखी तुम्ही अजून बसलेलेच आहात. ठरावीक अंतरानं तो टर्मिनलला हाक मारतो, उत्तर आलं नाही की मग जोडणी सोडतो. हे अंतर किती मिनिटांचं ते तिथले लोक ठरवतात. युजरआयडी इन यूज येतं ते या मधल्या काळात.

सेशन मॅनेजरमधून गेला असाल तर: पुन्हा जोडा, त्याच सेशन मॅनेजरमध्ये त्याच आयडीनं लॉगऑन करा. तो जुना टर्मिनल सोडवून तुम्हाला मेनू दाखवतो आणि सेशनं चालू दिसतात. निवडलं की कर्सर जिथे होता तिथेच. शक्यतो त्याच मॉडेलच्या खिडकीतून परत या. मॉडेल ५ वर काम करत असताना तुटलं आणि मॉडेल २ मधून परत आलात तर मजकूर विस्कटलेला मिळतो.

थेट टीएसओत गेला असाल तर: टीएसओच्या लॉगऑन स्क्रीनवर खाली रिकनेक्ट असा पर्याय असतो, त्याच्या समोर एस टाकून पासवर्ड द्या. पुष्कळदा एवढ्यानं काम होतं. पण तुटलेलं सेशन किती मिनिटं धरून ठेवायचं त्याला मर्यादा असते, ती संपली की नवीन लॉगऑनच. तेही नाही झालं तर ऑपरेटरला फोन. फोनवर आयडी, सिस्टिमचं नाव आणि "टीएसओ सेशन कॅन्सल करा" एवढंच सांगा. कहाणी सांगत बसू नका, रात्री दोनला तिकडचा माणूसही कंटाळलेला असतो.

आणि सेशन मॅनेजर आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. त्यानं दुवा धरून ठेवला तरी पलीकडच्या टीएसओला स्वतःची घाई असते. ठरलेल्या वेळात तुमच्याकडून काहीच आलं नाही तर तो एस५२२ (फार वेळ काहीच झालं नाही, असं सांगणारा कोड) देऊन सेशन संपवतो. मग मेनूवरून निवडल्यावर थेट लॉगऑन स्क्रीन येतो आणि एडिटमध्ये न साठवलेलं गेलेलं असतं. म्हणून आयएसपीएफच्या एडिटमध्ये पहिल्याच दिवशी कमांड लाईनवर रिकव्हरी ऑन टाईप करा. पुढच्या वेळी एडिटमध्ये शिरताना तो विचारतो की अर्धवट राहिलेलं परत आणू का. आणि आकाशात ढग दाटले की सेव्ह टाईप करा. आमच्याकडे जूनमध्ये पहिला गडगडाट झाला की माझा हात आपोआप कमांड लाईनवर जातो.

राउटर इन्व्हर्टरवर घ्या. वायरमन शंभर-दोनशे रुपयांत जोडून देतो. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

७. कुठे आहोत ते बघून मगच एंटर

एम्युलेटरमध्ये प्रॉडक्शनची खिडकी लाल, टेस्टची हिरवी करायची युक्ती सगळे सांगतात. सेशन मॅनेजरमध्ये ती चालत नाही, कारण खिडकी एकच असते आणि आतली सेशनं बदलतात. एकदा काका शेजारी बसून बघत होते. मी टेस्टवरून प्रॉडक्शनवर, तिथून सीआयसीएसवर अशा उड्या मारत होते. म्हणाले, "किती दारं उघडूलालीस गं, कुठल्या घरात हाईस ते तरी कळूलालंय का तुला?" त्याच आठवड्यात मी टेस्ट समजून प्रॉडक्शनच्या सेशनमधून एक जॉब सबमिट केला. परवानगी नव्हती म्हणून तो सुरक्षेच्या दारातच पडला आणि माझी लाज तेवढी गेली.

उपाय सोपे आहेत. आयएसपीएफमध्ये सिसनेम ऑन आणि युजरआयडी ऑन या कमांड द्या, सिस्टिमचं नाव आणि आयडी पॅनेलवर दिसत राहतात. स्प्लिट केलेल्या स्क्रीनना स्क्रनेम देऊन नाव ठेवा. मेनूवर सेशनचं वर्णन बदलता येत असेल तर प्रॉडक्शनपुढे चार फुल्या टाका. आणि उडीची की पटापट दाबत जाण्यापेक्षा, निदान प्रॉडक्शनला जाताना, मेनूवरूनच जा.

पेस्ट करताना सुद्धा तेच. आधी बघा कुठे आहात, मग पेस्ट. कोबोल चिकटवत असाल तर ७२ व्या रकान्यापुढे काय सांडतंय ते बघा.

८. दिवस संपताना

खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबणं म्हणजे लाईट जाण्यासारखंच आहे, फक्त तुम्ही स्वतः घालवलेली. क्रम असा: एडिट साठवा. आयएसपीएफमधून बरोबरचं चिन्ह आणि एक्स. रेडी आलं की लॉगऑफ. सीआयसीएसमध्ये सीईएसएफ लॉगऑफ. मेनूवर या, एकही सेशन चालू दिसत नाही ना ते बघा. मग सेशन मॅनेजरचं लॉगऑफ.

मेनूवर डिस्कनेक्ट आणि लॉगऑफ असे दोन्ही पर्याय असतील तर जेवायला जाताना डिस्कनेक्ट, झोपायला जाताना लॉगऑफ. शुक्रवारी डिस्कनेक्ट करून गावी गेलात तर तुमच्या नावानं अडकलेला मेंबर सोमवारपर्यंत कोणाच्या तरी डोक्याला ताप होतो. सोमवारी तुमच्याकडे बघतात ते वेगळं.

९. नोकरी लागायच्या आधी सराव

सेशन मॅनेजर घरी फुकटात मिळत नाही. पण खालचे थर मिळतात. आयबीएमच्या झेड एक्सप्लोअरवर मोफत नोंदणी करून खऱ्या मेनफ्रेमवर काम शिकता येतं. ३२७० चा स्क्रीन हाताखालून जायला हवा असेल तर हर्क्युलिस हा अख्ख्या मेनफ्रेमचीच नक्कल करणारा एम्युलेटर घ्या, रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला, आणि त्यावर चालणारं टीके५ हे तयार पॅकेज. आत जुनं एमव्हीएस ३.८ (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) असतं. एक्स३२७० नं आपल्याच लॅपटॉपच्या ३२७० पोर्टला जोडायचं. आयएसपीएफ त्यात नाही, त्याच्या धर्तीचं दुसरं आहे. साध्या लॅपटॉपवरही ते आरामात चालतं.

तिथे मुद्दाम लाईन तोडून बघा. लॉगऑन करा, एडिटमध्ये शिरा, आणि खिडकी फुली दाबून बंद करा. मग परत या आणि काय काय अडकलंय ते शोधा.

आणि ऑपरेटरचा, हेल्पडेस्कचा नंबर कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा. त्या रात्री माझ्याकडचा नंबर कंपनीच्या मेलमध्ये होता, आणि मेल व्हीपीएनच्या पलीकडे.